सीट कुणाच्या मापाची?



आज सायकलच्या सीटचा इतिहास सांगणार आहे. पूर्ण सायकलचा नाही, नुसत्या सीटचा. ज्यावर आपण बसतो, तिचा. विषय ऐकून पदर तोंडाला लावणाऱ्या मैत्रिणी मला इथून दिसतायत. हसा खुशाल, पण रेडिओ बंद करू नका.

या विषयाकडे मी का वळले ते आधी सांगते. माझं काम माण-खटावपासून आटपाडीपर्यंतच्या बचत गटांमध्ये चालतं. आपल्याकडे वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. कधी जिल्हा परिषदेकडून, कधी एखाद्या संस्थेकडून, कधी आईने गटातून कर्ज काढून घेतलेली. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननेही लांबून शाळेत येणाऱ्या मुलींना अशा सायकली दिल्या आहेत. सायकल मिळते तेव्हा हार-नारळ होतो, फोटो निघतो. वर्षभराने त्याच वस्तीवर गेलं की कधी कधी ती सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकलेली दिसते, कॅरिअरवर कडब्याची पेंढी, आणि मुलगी आपली पायी. का गं, विचारलं तर "पंक्चर आहे", "चेन पडते". खोदून विचारलं, आणि आजूबाजूला काका-भाऊ नसले, तर खरं उत्तर येतं. "टोचतं ताई. आग होते. बसवत नाही."

एवढंच. रोज जाऊन-येऊन आठ-दहा किलोमीटर. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. आणि हे ती आईला सांगत नाही, कारण आईने सायकलसाठी पैसे घातलेत. आईला सांगितलं तर आई म्हणते, होईल सवय. आईला तरी काय माहीत, ती सायकलवर बसलेली असते कुठे? मग मुलीला वाटतं आपल्याच अंगात काहीतरी कमी आहे.

माझं म्हणणं असं, की कमी मुलीच्या अंगात नाही, सीटमध्ये आहे. हे म्हणायला आधार काय, तर इतिहास. तोच आता सांगते.

त्यासाठी सायकलच्याही मागे जावं लागेल, घोड्यापर्यंत. आपल्याकडच्या सरदार घराण्यांतल्या बायका घोड्यावर बसत त्या काष्टा घालून, दोन्हीकडे पाय टाकून, पुरुषांसारख्याच. नऊवारीची रचनाच अशी आहे की पाय मोकळे राहतात आणि अंगही झाकलेलं राहतं. साताऱ्याच्या माणसाला महाराणी ताराबाईंचं नाव सांगायला नको. त्यांच्यानंतर शंभरेक वर्षांनी कागलच्या घाटग्यांची एक लेक ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या घरी दिली होती. तिचं नाव बायजाबाई. नवरा १८२७ साली गेल्यावर तिने ग्वाल्हेरचा कारभार पाहिला, १८३३ साली तिला तिथून बाहेर पडावं लागलं, आणि ती गंगेकाठी फतेहगडला तळ देऊन राहिली. घोड्यावर बसण्यात ही बाई पटाईत होती.

तिथे १८३५ साली फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई तिला भेटायला जायची. ही फॅनीही घोड्यावर बसणारी. पण त्या काळच्या इंग्रज बायका घोड्यावर बसायच्या एका बाजूला दोन्ही पाय घेऊन. त्यासाठी खास वेगळं खोगीर असायचं. म्हणजे धड घोड्याच्या अंगाप्रमाणे नाही, धड आपल्या अंगाप्रमाणे नाही, कंबर पिळून बसायचं, कारण बाईने पाय फाकणं शिष्टसंमत नव्हतं. बायजाबाईंच्या गोटातल्या बायकांनी हे खोगीर पाहिलं आणि त्यांना त्याची गंमतच वाटली. मग फॅनीने मराठी पद्धतीचा पोशाख केला आणि आपल्या बायकांसारखी घोड्यावर बसून पाहिलं. तिला ते इतकं आवडलं की तिने आपल्या प्रवासाच्या पुस्तकात इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीलाच नावं ठेवली आहेत, की बायकांची बसण्याची रीत बदलून तिने काय मिळवलं म्हणून. हे पुस्तक १८५० साली छापलं गेलं.

मला ही गोष्ट फार आवडते. एरवी आपल्याला सांगतात की इंग्रज आले आणि आपल्या बायकांना मोकळीक मिळाली. इथे उलट झालंय. आणि हा प्रश्न आजच्या विषयात पुढेही सारखा येत राहणार आहे, की बसायची जागा बाईच्या अंगाच्या मापाने करायची, की बाईने कसं दिसावं याच्या मापाने?

सायकल आली ती युरोपात. आधी पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं आणि मागचं चिमुकलं अशी एक भयंकर सायकल होती. पुरुष तिच्यावरून तोंडावर पडायचे. बायकांनी तिच्यावर बसावं कसं? तर कोव्हेंट्री गावच्या जेम्स स्टार्ली या कारागिराने १८७४ साली तिचा बायकांसाठी एक नमुना काढला, आणि त्यात बाईला बसवलं एका बाजूला! तेच घोड्याचं खोगीर, तेच दोन्ही पाय एकीकडे. चाकाला पाय मारायचा तोही वाकडं बसून. अर्थातच तो चालला नाही. पुढे त्याच घरातल्या जॉन केम्प स्टार्लीने १८८५ साली दोन जवळपास सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली सायकल बाजारात आणली. आपण आज वापरतो ती हीच. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने हवेचा टायर काढला आणि रस्त्याचे धक्के कमी झाले. थोड्याच काळात बायकांच्या झग्यासाठी पुढची आडवी नळी खाली वाकवली गेली आणि लेडीज सायकल तयार झाली.

आता सीट. बर्मिंगहॅममध्ये जॉन ब्रूक्स नावाचा घोड्याच्या चामडी सामानाचा कारखानदार होता. त्या कंपनीकडून सांगितली जाणारी गोष्ट अशी, की त्याचा घोडा मेला, म्हणून त्याने कामावर जायला सायकल उसनी घेतली, आणि तिची सीट इतकी बोचली की त्याने स्वतःच नवीन सीट करायची ठरवली. १८८२ साली त्याने आपल्या चामडी सीटचं पेटंट घेतलं. लोखंडी चौकटीवर ताणून बसवलेलं जाड चामडं, खाली स्प्रिंगा. आपल्या आजोबांच्या सायकलला जी सीट होती ती याच घराण्यातली. बघा, एका पुरुषाला टोचलं आणि त्याने सीटचं पेटंटच घेतलं. टोचलं हे सांगायला त्याला लाज वाटली नाही.

बायकांसाठी काय केलं? सीटचं पुढचं टोक आखूड केलं, म्हणजे झगा अडकू नये. चांगलीच सोय होती ती. पण ती कापडासाठी होती, हाडांसाठी नाही.

हाडांचा विचार सुरू झाला तो वेगळ्याच कारणाने. १८९० नंतर इंग्लंड-अमेरिकेत बायका झुंडीने सायकलवर बसायला लागल्या. फ्रान्सिस विलार्ड ही दारूबंदी चळवळीतली मोठी पुढारी वयाच्या ५३ व्या वर्षी सायकल शिकली आणि १८९५ साली तिने त्यावर पुस्तकही लिहिलं. मग डॉक्टर मंडळी जागी झाली. सायकलने बाईची कूस बिघडेल, चेहरा ओढल्यासारखा होईल, सीटच्या टोकाने मुलींच्या मनात भलतंसलतं येईल, असे लेख वैद्यकीय मासिकांत छापून आले. काही डॉक्टर या सगळ्याच्या विरुद्धही बोलले, तेही सांगायला हवं. पण या गदारोळात एक चांगली गोष्ट घडली. आरोग्याला सोयीची म्हणून नव्या सीट निघाल्या. त्यातली ख्रिस्टी नावाची सीट गाजली. तिला मध्ये फट होती, दोन्ही बाजूंना दोन गाद्या होत्या, आणि जाहिरातीत कमरेच्या हाडांचं चित्र काढून दाखवलं होतं की वजन या दोन हाडांवर पडायला पाहिजे, मधल्या नाजूक भागावर नाही.

भीती खोटी होती, पण तिच्यापोटी निघालेली सीट शहाणी होती. दुर्दैव असं, की काही वर्षांनी मोटारी आल्या, श्रीमंतांनी सायकली सोडल्या, आणि ती शहाणी सीटही मागे पडली.

आता आपल्या भागात येऊया. सायकल आणि आपला सांगली जिल्हा यांचं नातं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण त्यांना रंगच नीट ओळखू यायचे नाहीत. मग यंत्रांची चित्रं काढायला लागले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला लागले. किर्लोस्कर घराणं आपल्या उद्योगाची सुरुवात धरतं ती १८८८ सालच्या बेळगावातल्या सायकलीच्या दुकानापासून. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि भाऊ रामुअण्णांनी बेळगावात विकायच्या. दुरुस्त करायच्या, लोकांना चालवायलाही शिकवायचं. पुढे लोखंडी नांगर आला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध साताऱ्यात, किर्लोस्करवाडी आज सांगलीच्या पलूस तालुक्यात. सातारा-सांगली वेगळे जिल्हे झाले ते १९४९ साली, आणि तेव्हाही आपल्याकडच्याचं नाव दक्षिण सातारा असंच होतं.

याच किर्लोस्करवाडीच्या माळावरून १९३० साली 'स्त्री' मासिक सुरू झालं. शंकरराव किर्लोस्करांनी काढलेलं. ज्या काळी बाईच्या हातात मासिक दिसलं तर सासू भुवया चढवायची, त्या काळी खास बायकांसाठी निघणारं हे मासिक घरोघर गेलं, आणि त्यात बायकांच्या शिक्षणाबद्दल, लग्नाबद्दल, आरोग्याबद्दल मोकळेपणाने लिहून यायचं. सायकलीच्या दुकानातून निघालेल्या घराण्याने बायकांचं मासिक काढावं, याची मला मोठी गंमत वाटते. आपण आज जे छापतो-बोलतो, त्याची एक आजी तिथली आहे.

पण त्या काळात सायकल खेड्यातल्या बाईपर्यंत पोचली नव्हती. ती परदेशातून येणारी महाग वस्तू होती. पोचली ती स्वातंत्र्यानंतर. १९४९ साली मद्रासला टी.आय., १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ साली लुधियानाला हिरो असे कारखाने निघाले आणि काळी, उंच, बावीस-चोवीस इंची सायकल गावोगाव दिसायला लागली. दुधाचे कॅन, वैरणीचा भारा, पोस्टमन, तलाठी, मास्तर. घरात सायकल एकच, आणि ती पुरुषाची.

त्या सायकलला असायची ती चामडी सीट. तिचा एक गुण कारागीर सांगतात. नवी असताना ती दगडासारखी असते, पण सहा-आठ महिने रोज बसलं की चामडं बसणाऱ्याच्या हाडांप्रमाणे दबतं आणि त्याचा आकार घेतं. पायताणासारखंच. म्हणजे घरातली सायकल दहा वर्षं ज्या पुरुषाने चालवली, त्या सीटला खड्डे पडलेले असायचे ते त्याच्या हाडांचे. त्याच सीटवर एखाद्या दिवशी लेक किंवा सून बसली, तर ती दुसऱ्याच्या चपलेत पाय घालून चालल्यासारखी. आणि बसायची तरी कशी, मधला दांडा आडवा. मग मुली शिकायच्या दांड्याखालून पाय घालून, सीटला काखोटीत धरून. माझ्या पिढीतल्यासुद्धा कितीतरी जणी अशाच शिकल्या. सीट शिकताना पाठ टेकायला, बसायला नाहीच.

बाईची हक्काची जागा होती मागे, कॅरिअरवर. एका बाजूला पाय घेऊन! इंग्रज बायकांचं ते खोगीर, ज्याची बायजाबाईंच्या गोटात गंमत वाटली होती, ते फिरून आपल्याच पदरी आलं. मोटारसायकल आली तरी तेच. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकात कपडे अडकू नयेत म्हणून जाळी बसवणं बंधनकारक केलंय. आपण तिला साडीगार्डच म्हणतो. जाळी हवीच, तिने कितीकांचे जीव वाचवले असतील. पण सरकारपासून कारखान्यापर्यंत सगळ्यांनी बाई डोळ्यांपुढे आणली ती मागे बसलेली, हे त्यातून कळतं.

पुढे बसलेली बाई पहिल्यांदा मोठ्या संख्येने दिसली ती तमिळनाडूत. पुदुकोट्टई नावाचा कोरडा, गरीब जिल्हा, आपल्या जतसारखा. १९९१ च्या सुमाराला तिथे साक्षरतेची मोठी मोहीम चालली होती. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. त्यांनी साक्षरतेलाच सायकल जोडली. खेड्यातल्या हजारो बाया, शेतमजूर, दगडखाणीत काम करणाऱ्या, अंगणवाडीच्या, सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथांनी त्यावर लिहिलंय. त्यात एक बारीक गोष्ट आहे. इतक्या बायका सायकली घ्यायला लागल्या की लेडीज सायकली पुरेनात, म्हणून बायकांनी जेंट्स सायकली घेतल्या. आणि काही जणींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं. कारखान्याने बाईसाठी काय ठरवलं आणि बाईला काय लागतं, यातलं अंतर एवढ्यावरून ओळखा. कारखान्याला तिचा पदर दिसला होता, तिच्या कडेवरचं मूल दिसलं नव्हतं.

त्यानंतर बिहार. तिथे २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सरकारने सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी याचा हिशोब मांडला, तेव्हा दिसलं की माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३० टक्क्यांहून जास्त वाढलं, आणि सगळ्यात जास्त वाढ झाली ती शाळेपासून लांबच्या गावांत. म्हणून मी सीटच्या मागे लागलेय, मैत्रिणींनो. सायकलीने मुलगी शाळेत जाते हे सिद्ध झालंय. आता ती सायकलवर टिकायला हवी.

दुसरीकडे, अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईने १९८५ साली खास बायकांच्या मापाच्या सायकली बनवायला सुरुवात केली. मापाच्या म्हणजे खरोखर मापाच्या, रंग गुलाबी करून आणि पुढे टोपली लावून नव्हे. १९९० नंतर तिने बायकांसाठी मध्ये भोक ठेवलेली सीट काढली. शंभर वर्षांपूर्वीच्या ख्रिस्टी सीटचीच कल्पना, नव्याने. बायकांनी ती घेतली, आणि मग पुरुषही मागायला लागले. १९९७ साली बोस्टनच्या एका मूत्ररोगतज्ज्ञाने सायकलच्या सीटमुळे पुरुषांना नपुंसकत्व येतं असं जाहीर केलं, तेव्हा मोठी खळबळ माजली आणि वर्षभरात नव्या सीट बाजारात. सीटचा त्रास होतो हे बायका शंभर वर्षं सांगत होत्या. असो.

आणि ज्या बाया सायकलवर जग जिंकतात, त्यांचं काय? ब्रिटनच्या ऑलिंपिक सायकलपटू मुलींना सीटमुळे जखमा व्हायच्या, सूज यायची. त्याही गप्पच होत्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या तयारीत त्यांच्या संघाच्या लोकांनी पहिल्यांदा नीट विचारलं, डॉक्टर आणि तज्ज्ञ बसवले, तेव्हा कळलं की बहुतेकींना त्रास आहे आणि कुणी कुणाला बोलली नव्हती. शर्यतीच्या नियमाप्रमाणे सीट जवळजवळ सपाट ठेवावी लागायची. तो नियमही बदलला, सीटचं टोक ९ अंशांपर्यंत खाली झुकवायला परवानगी मिळाली. सोन्याची पदकं गळ्यात घालणाऱ्या बाया जर लाजेने गप्प बसल्या, तर आठवीतली पोर "पंक्चर आहे" म्हणणारच की.

आता सीट टोचते का, ते. आपण कडक फरशीवर मांडी घालून बसलो की खाली दोन हाडं टेकतात. ती बैठकीची हाडं. बाळंतपणासाठी आपली कमर रुंद असते, म्हणून ही दोन हाडं बायकांमध्ये साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात. पुरुषांच्या अरुंद सीटवर आपण बसलो की ती हाडं सीटच्या कडेवर येतात किंवा बाहेर लोंबतात, आणि सगळं वजन पडतं मधल्या मऊ भागावर. तिथे घासतं, आग होते, बधिर होतं. पुष्कळ जणी वरून जाड स्पंजचं कव्हर घालतात. आमच्या गटातल्या एका काकूंनी तर लेकीला गोधडीची घडी बांधून दिली होती. माया मोठी, पण उपाय उलटा. जास्त मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला भाग वर फुगून तिथेच दाबतो. सीट जरा कडकच असावी, पण रुंदी बरोबर हवी. आणि आपण गावात ताठ बसून सायकल चालवतो, वाकून नाही, त्यामुळे मागे आणखी रुंद लागते.

माप घरी घेता येतं. किराणा दुकानातून पन्हळी पुठ्ठ्याचं खोकं आणा, तुकडा कापून दगडी पायरीवर ठेवा. पातळ कपड्यांत त्याच्यावर बसा, पाय किंचित उचला, अंग थोडं पुढे झुकवा, अर्धा मिनिट बसून उठा. पुठ्ठ्यावर दोन खळगे पडतात. दोन्ही खळग्यांच्या मध्यावर पेनाने खूण करा आणि शिंप्याच्या टेपने अंतर मोजा. कुणाचं ११ सेंटिमीटर भरेल, कुणाचं १४. जाड-बारीक असण्याशी याचा फारसा संबंध नाही, हाड आहे ते. सीटचा मागचा सपाट भाग त्याहून दोन-तीन सेंटिमीटर तरी रुंद हवा. जमलं तर मध्ये खाच असलेली घ्या, टोक आखूड असलेली घ्या.

पण नवी सीट घेण्याआधी जुनी सीट सरळ आहे का बघा. निम्म्या जणींचा त्रास तिथेच कमी होतो. वाटपात आलेल्या सायकली सगळ्यांना एकाच उंचीवर लावून येतात. मुलगी आठवीत असते तेव्हा उंच पडते, दहावीत ठेंगणी. टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली आणलं की पाय सरळ व्हावा, एवढी उंची बरोबर. सीट फार उंच असेल तर कंबर डावी-उजवी हलते आणि घासतं. सीटवर गवंड्याची पातळी ठेवून बघा, सपाट हवी. तरी पुढे टोचत असेल तर टोक अगदी थोडं खाली करा, जास्त केलं तर हातांवर भार येतो. खड्डा दिसला की पायडलवर उभं राहायचं. सलवारची मधली शिवण जाड असेल तर तीही घासते, सुती आणि सपाट शिवणीची बरी. पाळीत पॅड वेळेवर बदलायला मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी शाळेत पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. ते ग्रामसभेत मागायचं. जखम, गाठ किंवा न जाणारा बधिरपणा असेल तर आशाताईंना सांगून दवाखान्यात दाखवा, अंगावर काढू नका.

एक गोष्ट कुजबुजून विचारली जाते, ती मोठ्याने सांगते. सायकल चालवल्याने मुलीची कूस बिघडत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. आणि तो "पडदा", ज्याची आई-आजीला धास्ती असते, तो प्रत्येकीत वेगळा असतो, काहींत जन्मतःच नावापुरता असतो, आणि त्यावरून कुठल्याही मुलीबद्दल काहीही सांगता येत नाही. १८९० नंतर इंग्लंड-अमेरिकेतल्या डॉक्टरांनी जी भीती घातली तीच आपण अजून पुढच्या पिढीला देतोय, आणि तीही सायकल घेऊन दिल्यावर!

सायकलच्या दुकानात मात्र मुलीला सोबत न्या. दुकानदार बहुतेक वेळा समोरच्या पुरुषाला विचारतो, "कसली पाहिजे?" बसणार कोण आहे ते त्याला दिसू द्या. नवी सीट बसवण्याआधी मुलीला तिच्यावर दहा मिनिटं गावाबाहेरून एक चक्कर मारू दे, दुकानाच्या दारात बसून काही कळत नाही. नट गंजून बसला असेल तर आदल्या रात्री थोडं तेल सोडून ठेवा, सकाळी पाना लागतो. आणि काढलेली जुनी सीट फेकू नका, घरातल्या पुरुषमाणसाच्या सायकलला ती बरोबर बसते.